दहा बंधांची राखण

"बाबा, यात कार्बनची सरळ साखळी आहे. एकाआड एक असे दहा तिहेरी बंध!" काळ्या कागदात गुंडाळलेला फ्लास्क बर्फाच्या डब्यात ठेवत मुलगी म्हणाली. "पाच-पाच बंधांचे दोन तुकडे तांब्याच्या क्षाराने जोडलेत. पण भारी नाजूक प्रकरण. उजेड लागला, ऊब लागली की काजळी!"

यापूर्वी दोनदा असंच झालं होतं. एकदा तिच्या गाईडनी कौतुकाने कागद उघडून पाहुण्यांना नमुना दाखवला, एकदा विभागप्रमुखांनी. वर्णपटाच्या यंत्रापर्यंत दोन्ही वेळा काळं पाणीच पोचलं. आज तीन वाजता यंत्र मिळणार होतं. दहा बंधांची खूण पटली, तरच तिचा प्रबंध पुरा होणार होता.

"मी यंत्र तयार करून येते. तोवर कोणाला कागद उघडू देऊ नका. उजेड अजिबात नको."

"चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतलीय मी," निवृत्त फोटोग्राफर बाबा म्हणाले. "मला शिकवतेस?"

ती जाताच त्यांनी प्रयोगशाळेचे पडदे ओढले, दिवे घालवले आणि दाराला आतून कडी घातली. पाचच मिनिटांत टकटक झाली.

"कोण?"

"मी तिचा गाईड. नमुना जरा बघायचा होता."

"धुऊन झाल्यावर या!"

गाईड चक्रावले आणि विभागप्रमुखांना घेऊन आले.

"दार उघडा! मी विभागप्रमुख बोलतोय."

"बोला की. आधी बाहेरचा दिवा घालवा."

विभागप्रमुखांना एवढ्या वर्षांत कोणी हुकूम सोडला नव्हता. गोंधळून त्यांनी स्वतःच बटण दाबलं. बिनखिडकीच्या त्या बोळात काळोख झाला, ते गाईडवर आदळले आणि दोघं मिळून रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यावर. आवाज ऐकून पहारेकरी टॉर्च घेऊन धावला.

"टॉर्च बंद!" दाराच्या फटीत उजेड दिसताच आतून आवाज आला. पहारेकऱ्याने निमूट बंद केला. वीज गेली असं समजून शेजारच्या प्रयोगशाळेतली मंडळी चहाला निघून गेली.

तीनला पाच कमी असताना मुलगी चाचपडत आली. "बाबा, मी आहे!"

"तू आहेस, पण मागे किती जण?"

"तिघं."

"त्यांना म्हणावं, भिंतीकडे तोंड करा."

यंत्राची वेळ टळत होती. शेवटी विभागप्रमुखच सुस्कारा टाकून भिंतीकडे वळले. मग गाईड वळले. पहारेकरी आधीच वळला होता.

यंत्राच्या पडद्यावर एकामागून एक टोकदार शिखरं उमटली. गाईडनी ती दोनदा ताडून पाहिली. "दहा! दहाच्या दहा!" मुलीने बाबांना मिठी मारली. बाबांना इतका अभिमान वाटला, की पुढचं काही दिसेना.

गुडघा चोळत विभागप्रमुख पुढे आले.

"पुढच्या महिन्यात आम्ही बारा बंधांची साखळी करतोय," ते म्हणाले. "आपण मोकळे आहात ना?"

सगळे गेल्यावर मुलीने फ्लास्क पुढे धरला. "थोडं उरलंय, बाबा. आता काळं पडलं तरी चालेल. बघा ना एकदा."

बाबांनी कागदावर हात ठेवला.

"राहू दे झाकलेलं. बघितलं म्हणून सांगणारे तुला ढीगभर भेटतील," ते ताठ मानेने म्हणाले. "न बघितलेला मी एकटाच."