सशाच्या दारातली हिरवळ

मुलांनो, जवळ येऊन बसा. एका जंगलात, अगदी आत नाही, कडेच्या टेकडीवर नवी वसाहत झाली होती तिथे, एक म्हातारा ससा आणि त्याची बायको राहायला आले.

ससा फार शिकलेला होता. मुळांवर त्याने एक प्रबंध लिहिला होता, पानांवर दुसरा. इतकं शिकल्यावर व्हायचं तेच झालं होतं. त्याला कशाचीही खात्री वाटत नसे.

सशीणबाईंचा मागचा पाय दुखायचा. चरायला टेकडी उतरणं त्यांना जमेना, म्हणून तर हे नवं बीळ घेतलं होतं. आधीच्या बिऱ्हाडाने अंगणाकडे कधी पाहिलंच नव्हतं. दारासमोर केना, घोळ, टाकळा, दूर्वा, सगळं माजलं होतं. मधे उभं राहिलं तर सशाचे कानसुद्धा दिसत नसत.

"दारातच जेवण," सशीणबाई म्हणाल्या. "आता मी इथून हलायची नाही."

शेजारचे साळिंदरराव भेटायला आले.

"बीळ छान आहे. अंगणाचं काय करणार?"

"काही करायचं असतं का?" सशाने घाबरून विचारलं.

"छे, सक्ती नाही. आधीचे लोकही असंच ठेवायचे. आम्ही त्यांना कधी बोललो नाही."

त्या दिवशी सशाला जेवण गेलं नाही.

मग त्याने बागांचा सल्लागार बोलावला. तो बगळा होता. बगळा एका पायावर उभा राहून बराच वेळ अंगणाकडे बघत होता. एका पायावर उभं राहिलं की विचार खोल वाटतो.

"इथे गवत फार झालंय," बगळा शेवटी म्हणाला. "हिरवळ हवी असेल तर आधी गवत काढावं लागेल."

सशाला हे पटलं. का पटलं ते मला नीट सांगता येणार नाही. शिकलेल्यांना बऱ्याच गोष्टी पटतात.

"अहो, पण आपण गवतच खातो ना?" सशीणबाईंनी विचारलं.

"अगं, ते खायचं गवत. हे बघायचं."

"आणि भूक लागली की?"

"पलीकडच्या टेकडीवर आहे की भरपूर."

"माझा पाय?"

"चालणं चांगलं असतं. म्हणजे मी तसं वाचलंय. उलटही वाचलंय."

केना गेला, घोळ गेली, टाकळाही गेला. कुठल्या तरी लांबच्या जंगलातून बुटकं, मऊ, एकसारखं गवत आलं. सशीणबाईंनी एक पातं चावून बघितलं. भुशासारखं लागलं.

हिरवळीवर कोणी पाय ठेवू नये म्हणून बगळ्याने कडेने फरशा बसवून वळसा घालणारी वाट केली. दोन फरशांमधलं अंतर त्याने स्वतःच्या टांगेने मोजलं. वाटेच्या तोंडाशी सशाने आपल्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली: हिरवळीवर पाय ठेवू नये.

सशीणबाई सकाळी लंगडत पलीकडच्या टेकडीवर जायच्या आणि दिवस कलल्यावर परतायच्या. येताना हिरवळीच्या मधूनच यायच्या. ससा मागून जाऊन वाकलेली पाती सरळ करायचा.

सगळी वसाहत हिरवळ बघायला आली. "आता कसं शिकलेल्याचं घर वाटतंय," साळिंदरराव म्हणाले. सशाचे कान कितीतरी दिवसांनी ताठ झाले.

वसाहतीत बागांची स्पर्धा असे. परीक्षक गरुडसाहेब होते. त्यांनी हिरवळीवर एक घिरटी घातली, मग आणखी एक.

"वरून फारच सुंदर दिसतं," ते म्हणाले. "अगदी सगळं दिसतं."

"ऐकलंस?" ससा गहिवरून म्हणाला. "सगळं दिसतं म्हणाले."

"ऐकलं," सशीणबाई म्हणाल्या. "पूर्वी आपले कानसुद्धा दिसत नव्हते."

एका सकाळी ससा हिरवळीच्या पार टोकाला होता. तिथे आलेला केन्याचा एक चुकार कोंब तो उपटत होता. सशीणबाई बिळाच्या तोंडाशी बसल्या होत्या. एवढ्यात हिरवळीवरून एक मोठी सावली सरकली.

"अहो, सरळ या," त्या ओरडल्या. "मधून या, मधून."

सशाने एक पाय उचलला. मग त्याला पाटी दिसली. अक्षर त्याचंच होतं.

"पण सगळ्यांनीच असं केलं तर?" तो म्हणाला आणि फरशांच्या वाटेला लागला. एका फरशीवरून दुसरीवर, बगळ्याच्या टांगा टाकत.

गरुडसाहेबांना घाई नव्हती.

हिरवळीचं एक पातंही वाकलं नाही. पहिलं बक्षीस अर्थातच सशाला मिळालं, मरणोत्तर. अध्यक्षस्थानी गरुडसाहेब होते. "आमचा सहवास थोडाच," ते म्हणाले, "पण त्यांची शिस्त मी अगदी शेवटपर्यंत पाहिली." बगळ्याने डोळे टिपले.

सशीणबाई समारंभाला गेल्या नाहीत. त्यांनी हिरवळीला पाणी घालणंही सोडून दिलं. परकं गवत वाळलं. मग कडेने केना आला, मागोमाग घोळ आली. आता त्या त्यात दिवसभर बसून खातात. त्यांचे कानसुद्धा दिसत नाहीत.

"दुःखाने बिचारीचं अंगणाकडे लक्ष राहिलं नाही," साळिंदरराव म्हणतात. "तिच्याकडे बगळ्याला पाठवायला हवं."

तात्पर्य: जीव वाचवण्यासाठी हिरवळ तुडवू नये. गेलेला जीव चार दिवसांत विसरला जातो. तुडवलेली हिरवळ मात्र शेजाऱ्यांना रोज दिसते.