उकंडरावची जास्वंद

उकंडरावनं ती पुडी फेकून दिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चाळीस वर्षं कपाशी केलेल्या माणसाला सरकी फेकवत नाही. म्हणून मृगाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पुडी उशाखालून काढली, वृद्धाश्रमाच्या फाटकाजवळच्या रिकाम्या आळ्यात बोटानं नऊ भोकं केली आणि सरकी लावून टाकली. हात धुतले. चहा प्यायला. (गुन्हा करून माणूस चहा पितो तसा, दोन कप.)

पुडी कसली, तेही सांगते. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या मोठ्या पाकिटासोबत साध्या सरकीची एक लहान पुडी येते. ती वावराच्या कडेनं लावायची, म्हणजे अळ्या तिच्यावर पोट भरतात आणि मधल्या पिकाची ताकद टिकते. आपल्याकडं ती कोण लावतं? कोणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकतं, कोणी चुलीत. मागच्या हंगामातली एक उकंडरावच्या धोतरांच्या गाठोड्यात बसून खामगावच्या या आश्रमापर्यंत आली होती.

आता त्या आळ्यात खरं तर फुलझाडं लावायची होती. आश्रम चालवणाऱ्या पुष्पांजली मॅडमनीच सांगितलं होतं, "काका, तुम्हाला मातीची आवड आहे तर चार फुलझाडं लावा. शेती मात्र नाही. तुमच्या मुलानं मला बजावलंय."

मुलगा उत्तम, नाशिकला नोकरीला. दोन सालं गुलाबी बोंडअळीनं वावर खाल्लं, तिसऱ्या साली उकंडराव फवारा मारता मारता भोवळ येऊन सरीत पडला तो दिवस कलेपर्यंत कोणाला सापडला नाही. उत्तमनं वावर मक्त्यानं दिलं आणि बापाला पाचव्या मजल्यावर नेलं. मुलगा-सून दिवसभर कामावर. उकंडरावशी बोलायची ती फक्त लिफ्ट, आणि तीसुद्धा म्हणायची, दरवाजा बंद करा. अकरा दिवस काढून तो म्हणाला, "मले म्हाताऱ्याइत ठेव बापू, पण मानसाइत ठेव."

उत्तमनं ठेवलं, एका अटीवर. बाबा शेती करताना दिसले की बॅग भरायची आणि परत पाचवा मजला.

आठवड्यात आळ्यात पानं आली. मॅडम थांबल्या. "काका, हे काय लावलंत?"

"जास्वंद," उकंडराव म्हणाला. शिंक यावी तसं तोंडातून निघून गेलं.

समोर त्याच्या खोलीतला महादेवराव चहा पीत होता. मेहकरकडचा माणूस, दिवसा गरीब, पण झोपेत घोरायला लागला की छताचे पत्रे हलायचे. त्याच्या नाकातून चहा आला. मॅडम गेल्यावर तो म्हणाला, "जास्वंद काय बे? मी काय आंधळा हाव?"

"मोतीबिंदू हाय तुले."

"मोतीबिंदूतूनबी पऱ्हाटी दिसते मले."

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, ती संध्याकाळपर्यंत सगळ्या आश्रमाला दिसली. इमामबीनं उभा जन्म सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कापूस निवडला होता. तिनं लांबूनच पान ओळखलं. आणि सरस्वतीबाई, मोठ्या घरची, दोन महिन्यांत 'वरण पातळ हाय' यापलीकडं कोणाशी शब्द बोलली नव्हती, ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "किती दाट लावलं. कास्तकार हाय का कोन हाय हा?"

त्या दिवसापासून कोणाला वेळ पुरेना. महादेवरावनं बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. कपबशा विसळलेलं पाणी कोणी मोरीत जाऊ देईना. इमामबी एकेक पान उलटं करून अळी पाहायची, चष्म्याशिवाय. साध्या सरकीवर अळी येणारच, तिला बोलावणंच असतं.

"आपल्यासारखीच हाय ही पऱ्हाटी," महादेवराव एकदा म्हणाला. "कडेले लावाची. मधातलं पीक नीट राहावं म्हून."

मग इमामबी म्हणाली, "बोलून राह्यला, पन तुह्या पायाखाली फांदी हाय ते पाह्य." आणि सगळे पुन्हा कामाला लागले.

श्रावण सरता सरता फुलं आली. पहिल्या दिवशी मलईसारखी, दुसऱ्या दिवशी गुलाबी. मॅडम हरखल्या. "काय सुरेख जात आहे हो काका. रंग बदलते." आणि त्यांनी ऑफिसातल्या गणपतीसाठी पाच फुलं तोडली.

एक फूल म्हणजे एक बोंड. उकंडराव त्या दिवशी जेवला नाही.

"सांग ना आता मॅडमले, बोंड जाते म्हून," महादेवराव म्हणाला.

"सांगतो. अन् तू मले नाशिकले भेटाले ये. पाचवा मजला. लिफ्टले नाव विचार."

वाट काढली इमामबीनं. "मॅडम उठाच्या आंधी त्याइच्या गनपतीपुढं फुलं पोचली, तर त्या आपल्या झाडाले काहाले हात लावतीन?"

नाल्यापलीकडच्या मळ्याच्या कुंपणाला कण्हेर होती, तगर होती. मळेवाला भला होता. दुसऱ्या दिवशी पाच वाजता चौघं निघाले, आठवड्याभरात अकरा झाले. जायला एक मैल, यायला एक मैल. सरस्वतीबाईचा गुडघा दुखायचा, ती इमामबीच्या खांद्यावर हात ठेवून चालायची आणि वाटभर आपल्या सासूची गाऱ्हाणी सांगायची. इमामबीच्या पदरात कण्हेर, कानात सरस्वतीबाईची सासू. महिन्याला येणाऱ्या डॉक्टरनं सगळ्यांची साखर दोनदा तपासली. त्याला वाटलं मशीन बिघडलं.

मॅडम तरी रोज एक फूल तोडायच्याच. "कण्हेर आहेच, पण एक जास्वंद हवी गणपतीला." उकंडराव हसून मान हलवायचा आणि मागं वळून भिंतीला डोकं टेकायचा.

दिवाळीच्या चार दिवस आधी उत्तमचा फोन आला. "बाबा, उद्या दहाले येतो. मॅडम म्हणतात तब्येत सुधारली, मग आता आमच्याकडंच राहा. बॅग भरून ठेवा."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोंडं फुटली. एक नाही, दोन नाही, अकरा. पांढरीशुभ्र, फाटकातून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. जास्वंदीला कापूस लागलेला कोणी पाहिलाय?

"वेचून टाकतो," म्हणत उकंडरावनं हात पुढं केला. मध्ये सरस्वतीबाईची काठी आली.

"सीतादही केली?"

आपल्या भागात पहिल्या वेचणीच्या आधी वावरात पाच खडे मांडतात, हळद-कुंकू वाहतात, दहीभात शिंपडतात. ही सीतादही. ती झाल्याशिवाय बोंडाला हात नाही.

"अवो बाई, साडेआठ वाजले. पोरगं येऊन राह्यलं. नऊ झाडाले काहाची सीतादही?"

"एक झाड असलं तरी लागते. घरात लक्ष्मी आली, तिले अशीच ओढतेत?"

उकंडरावनं आशेनं इमामबीकडं पाहिलं. ती म्हणाली, "जिनिंगमधीबी नारळ फुटल्याबिगर आमी ढिगाले हात नाही लावला. जाय, दही आन."

दही फ्रिजमध्ये, फ्रिजची किल्ली मॅडमकडं. उकंडराव ऑफिसात जाऊन उभा राहिला. "मॅडम, वाटीभर दही पाह्यजे. पोट बिघडलं."

"कोणाचं?"

"माह्यं."

मॅडम आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. ताटात दही होतं. शेजारी भाताचा मुटका होता. हळद होती, कुंकू होतं, कापराची वडी होती.

"पाच खडे तिथंच भेटतीन काका," त्या म्हणाल्या.

उकंडरावनं ताट घेतलं. "मॅडम... तुमी कुठल्या?"

"जळगाव जामोदच्या. शाळा बुडवून मायसोबत वेचाले जात होती मी."

"मंग फुलं काऊन तोडत होत्या?"

"डॉक्टर चाला चाला म्हणून थकले, तुम्ही सातच्या आत उठत नव्हते. मी पाच फुलं तोडली, तर अकरा जण पाचले उभे. मंग काहाले थांबू?"

साडेनऊलाच उत्तम आला. (लवकर यायची खोड बापाचीच.) फाटकात त्याला अकरा म्हातारी माणसं आळ्याभोवती दिसली, पाच खडे, कापराचा धूर, आणि बापाच्या मिशीला दही.

"बाबा, हे काय हाय?"

उकंडरावनं तोंड उघडलं. मॅडम म्हणाल्या, "जास्वंद."

उत्तमनं पाहिलं. झाडांकडं कमी, बापाकडं जास्त. जमीन ओली म्हणून महादेवरावनं उकंडरावचा दंड धरून ठेवला होता, आणि धरलाय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"उन्हात जातात का हे?" त्यानं मॅडमना विचारलं.

"सातच्या आत परत असतात. सगळेच."

उत्तमनं बूट काढले. वाकून एका बोंडातला कापूस एका चिमटीत काढला, पानाचा कचरा न लागू देता. हात विसरला नव्हता.

"अंतर कमी ठेवलं बाबा," तो म्हणाला. "पुढच्या साली जास्वंद दोन फुटावर लावा."

बॅग भरलेलीच राहिली. जाताना तो एकटाच गेला.

पीक झालं दोन मुठी. सरस्वतीबाईनं दिवाळीच्या वाती मागितल्या, त्या वळून झाल्या. उरला चिमूटभर. इमामबीनं त्यातली सरकी काढली, बोटांनी पिंजला आणि म्हणाली, हा कास्तकाराचा हिस्सा. उकंडरावनं तो मानानं घेतला आणि झोपताना महादेवरावच्या घोरण्यापायी दोन्ही कानांत घातला.

आश्रमात आल्यापासून एवढी गाढ झोप त्याला लागली नव्हती. पाचला सगळ्यांनी हाका मारल्या, दार वाजवलं, शेवटी कंटाळून त्याच्याविनाच फिरायला गेले. आठला तो डोळे चोळत फाटकाशी आला, तेव्हा दुसऱ्या बहाराची सातही फुलं मॅडमच्या गणपतीपुढं पोचली होती.