खर्जकाकांचा भूकंप

"खोली खोटं बोलते! खरं ऐकायचं तर मैदानातच!" असं भरल्या घरात जाहीर करून खर्जकाकांनी आपला सबवूफर दिवाणखान्यातून बाहेर काढला. खोली खरं बोलते की खोटं, याच्याशी काकूंना काही देणंघेणं नव्हतं. पण दिवाणखाना मोकळा होतोय म्हटल्यावर त्यांनी स्वतः दार उघडून धरलं.

खर्जकाका हे कॉलनीने ठेवलेलं नाव. पोटात घुमणारा, खर्जातला आवाज काढणारे कपाटाएवढे खोके बनवणं हा त्यांचा धंदा आणि त्याविषयी न विचारता बोलणं हा त्यांचा छंद. त्या दिवशी मात्र प्रश्न इज्जतीचा होता. संध्याकाळी सिनेमा थिएटरचे मालक ग्राफ बघायला यायचे होते. खोका सगळे खालचे आवाज सारख्याच जोराने काढतो की नाही, ते त्या ग्राफवर दिसतं. रेघ सरळ आली तर थिएटरचं काम काकांना. वाकडी आली तर खोका परत दिवाणखान्यात! आणि "तो आत आला तर मी बाहेर," असं काकूंनी साफ बजावलं होतं.

"पण दाजी, मैदानच कशाला?" खोका ढकलता ढकलता मेहुण्याने धापा टाकत विचारलं.

"अरे, खोलीत भिंती असतात. आवाज भिंतीवर आपटतो, परत येतो, माइकला दोनदोनदा ऐकू येतो. मैदानात कसं, गेला तो गेला!"

"माझी कंबरपण गेली," मेहुणा म्हणाला.

मैदान कॉलनीच्या मधोमध आणि चारी बाजूंना घरं. काकांनी माइक जमिनीवर निजवला, वारा लागू नये म्हणून त्याला मेहुण्याचा पायमोजा चढवला, स्वतःच्या कानांवर जाडजूड हेडफोन घातले आणि लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बटण दाबलं. खोका हूंऽऽ करत अगदी तळापासून वर चढू लागला.

आता भिंती नसल्या की खर्ज जरा मिळमिळीतच लागतो. काकांना तो फारच मिळमिळीत लागला. त्यांनी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. मग वाढवण्यासारखं काही उरलंच नाही.

ग्राफ उमटला, तर मधोमध हा भलामोठा उंचवटा! काका चक्रावले. हेडफोन काढून मागे बघतात तो काय, मैदान माणसांनी भरलेलं! कुणी टॉवेलवर, कुणी अर्ध्या गालाला साबण लावून, एका बाईंनी तर मांजर काखोटीला मारलेलं. सगळेच्या सगळे पायमोज्यातल्या माइकच्या आसपास धपाधप पळत होते.

"भूकंप!" रिटायर्ड हेडमास्तर ओरडले. "कुणीही घरात जायचं नाही! रांगेत उभे राहा!"

"भूकंप?" काका म्हणाले. "मला तर काहीच कळलं नाही."

"मोकळ्यावर कळत नसतं! आमच्याकडे येऊन बघा, भांडी फळीवरून उड्या मारतायत!"

काकांनी घड्याळ पाहिलं. भूकंपाला दुसरा दिवस मिळाला नाही? त्यांनी सगळ्यांना धीर दिला, समजूत घातली, हातापाया पडून एकदाचं घरी पाठवलं आणि पुन्हा बटण दाबलं. हूंऽऽ! खोका अर्ध्यावर चढतो न चढतो तोच मंडळी परत मैदानात! या खेपेला मांजर सर्वांच्या पुढे होतं.

"जन्मभर भूगोल शिकवला," हेडमास्तर डोकं धरून म्हणाले, "पण असा भूकंप पाहिला नाही! घरात गेलं की हलतं, बाहेर आलं की थांबतं!"

"आणि नेमका माझ्याच वेळेला येतो!" काका कळवळून म्हणाले. त्यांना खरोखरच काही सुधरत नव्हतं.

एवढ्यात थिएटरमालक आले. त्यांनी गर्दी पाहिली, वाकडा ग्राफ पाहिला, मग काकांकडे पाहिलं.

"निदान वाजवून तरी दाखवा."

काकांनी वाजवलं. हूंऽऽ.

"एवढंच? आमच्या ऑफिसातला पंखा याच्याहून बरा घुमतो." मालक वळलेच!

इकडे काकू घरातून तरातरा आल्या आणि काकांच्या कानाला लागल्या. "अहो, तुम्ही बटण दाबलं की आपलं कपाट चालायला लागतं, सोडलं की थांबतं. भूकंप तुमचाच आहे! आता तोंडातून अवाक्षर काढू नका, लोक सोलून काढतील."

काकांचं काय झालं असेल बघा! बोलावं तर मार, गप्प बसावं तर काम गेलं. त्यांनी एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा मालकांच्या पाठीकडे. शेवटी कलावंताचा जीव राहवेना.

"भूकंप नव्हता! माझा खोका होता तो!"

मग सगळं मैदान खदाखदा हसलं.

"बघा, भूकंपसुद्धा स्वतःच्या नावावर खपवतोय!" हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले.

काकूंना मात्र खोका घालवायचा होता. त्या सरळ मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, जरा आमच्या दिवाणखान्यात येऊन बसा. चहा टाकते."

मालक सोफ्यावर टेकले. काकूंनी खिडकीतून हात हलवला आणि काकांनी जीव एकवटून बटण दाबलं.

चहाला आधणही आलं नसेल, तोवर मालक बाहेर! एका पायात चप्पल, चष्मा हातात, श्वास भात्यासारखा.

"पटलं?" काकांची छाती तट्ट फुगली होती.

"पटलं हो, पटलं!"

"मग थिएटरचं काम नक्की ना?"

"अहो, मला लोक थिएटरात बसवायचेत," मालक थरथरत म्हणाले, "बाहेर पळवायचे नाहीत!"