मोफत हिप-हॉप शिबिर

जोतीरामच्या किराणा दुकानातला फोन खणाणला. जोतीरामनं आवाज ओळखून रिसीव्हर सरळ गिऱ्हाइकांतल्या गणपतीच्या हातात दिला. "घ्या आबा, तुमचा पोरगा."

गणपतीचा पोरगा प्रसेनजीत कोल्हापुरात, शाहूपुरीत खोली घेऊन शिकत होता. शिकता शिकता त्यानं तिथं मित्रांबरोबर आणखीही काहीतरी सुरू केलं होतं. काय, ते त्यानं बापाला दोनदा समजावून सांगितलं होतं, पण एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या गणपतीच्या डोक्यात ते काही केल्या शिरत नव्हतं. कोडोलीत कुणी विचारलं, की तो "समाजाचं काम करतोय" असं ठोकून द्यायचा आणि विषय बदलायचा.

"आबा, रविवारी दुपारी आमी येतोय. आपल्या विहारापुढं हिप-हॉप ठेवलंय. फुकट हाय. सगळ्या गावाला सांगा."

"काय ठेवलंय?"

"हिप-हॉप! हिप... हॉप! वस्तीच्या पाण्यासाठी..." पुढं नुसती खरखर, आणि फोन कट.

गणपती रिसीव्हर धरून तसाच उभा राहिला. 'पाण्यासाठी' एवढं त्याला नीट ऐकू आलं होतं. वस्तीतला नळ होळीपासून कोरडा होता. सरपंच हंबीरराव म्हणत होते, पाइप फुटलाय. पाइप कुठं फुटलाय ते कुणाला दिसत नव्हतं आणि हंबीरराव दाखवत नव्हते. तोवर वस्तीतल्या बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. गणपतीची बायको सरुबाई तर आता भिंत धरून उठायची. "नळाला पाणी यायच्या आदी मीच जाती बगा," असं ती परवा म्हणाली, तेव्हापासून गणपतीला जेवण गोड लागत नव्हतं.

"स्वप्नाली," त्यानं जोतीरामच्या सुनेला विचारलं, "हिप म्हंजे काय गं?"

आता यात गणपतीचं काय चुकलं? स्वप्नाली लग्नाआधी हाडांच्या एका डॉक्टरकडं कामाला होती. ती म्हणाली, "हिप म्हंजे खुबा की, आबा."

"आणि हॉप?"

स्वप्नालीनं साखर तोलता तोलता विचार केला. "हॉस्पिटलचं शॉर्ट असंल."

गणपतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगा खुब्याचे डॉक्टर घेऊन येतोय! पाणी वाहून वाहून खुबे गेले, म्हणून पाण्यासाठी! त्याला एकदम भरून आलं. पोरगा आईसाठी एवढं करतोय आणि आपण चारचौघांत त्याचं नाव घ्यायला कचरत होतो.

त्याच संध्याकाळी कर्णा लावलेली रिक्षा गावभर फिरली. "मोफत, मोफत, मोफत! खुबेदुखीचं भव्य हिप-हॉप शिबिर! येताना जुने एक्स-रे घेऊन यावेत!"

रविवारी दुपारी वस्तीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एरवी वस्तीच्या वाटेला न फिरकणारी माणसंसुद्धा काठ्या टेकत, पोरांच्या खांद्यावर हात टाकत आली होती. पाटलाच्या गल्लीतल्या झुंबरबाईला तर बाजल्यावर घालून आणली होती. सगळ्यांत पुढं, खुर्ची टाकून, मांडीवर एक्स-रेचं पाकीट ठेवून खुद्द सरपंच हंबीरराव बसले होते. उसाच्या बांधावरनं घसरल्यापासून त्यांचाही डावा खुबा ठणकत होता.

टेम्पो आला. त्यातनं प्रसेनजीत उतरला, मग त्याचे मित्र उतरले, उलटी टोपी घातलेली साक्षी आणि पृथ्वीराज. पृथ्वीराजची ढगळ पँट कमरेच्या पार खाली लोंबत होती.

"बगा, बगा," झुंबरबाई बाजल्यावरनं म्हणाली. "पँट बराबर खुब्यावर घातलीया. मोठा डॉक्टर दिसतोय."

मग दोन दांडगे स्पीकर उतरले. "तपासायची मिशन आली, मिशन," म्हणत लोक बाजूला सरकले.

प्रसेनजीतनं काठ्या बघितल्या, बाजलं बघितलं आणि बापाला कोपऱ्यात ओढलं. "आबा, ही सगळी लंगडी माणसं कशी काय?"

"तूच म्हणालास की, हिप!"

"अवं, हिप-हॉप म्हंजे गाणं! आमचा बँड हाय! बोलल्यावानी गातो आमी. वस्त्यावस्त्यांत जाऊन गटाराचं, रेशनचं, पाण्याचं गाणं म्हणतो!"

गणपतीनं बाजल्याकडं बोट केलं. "मग खुबा कोण तपासणार?"

त्याला उत्तर मिळायच्या आत पृथ्वीराजनं माइक तोंडाशी धरून तोंडानंच ढोल वाजवायला सुरुवात केली. धुम्-धुम्-चिक्, धुम्-धुम्-चिक्. स्पीकर असा थरथरला, की शेजारी बाजल्यावर बसलेली झुंबरबाईसुद्धा थरथरली. मग सरकत सरकत गेली आणि तिनं आपला उजवा खुबा स्पीकरला टेकवला.

"अगं आई गं! शेक बसतोय की गं! गुण येतोय!"

झालं! दोन्ही स्पीकरांपुढं रांगा लागल्या. "मला आदी!" "अवं, ढकलतायसा का?" "डॉक्टर, जरा जोरात वाजवा, माझं दुखणं जुनं हाय!" पृथ्वीराज वाजवून वाजवून लालभडक झाला, पण त्यानं थांबायचा प्रयत्न केला की म्हाताऱ्या त्याच्यावर खेकसायच्या.

गणपती कपाळाला हात लावून बसला. बँड म्हणजे बँडबाजा, हॉप म्हणजे हॉस्पिटल, की गाणं म्हणजे शेक? त्याला काहीच सुधरेना. लोकांना कळलं की इथं डॉक्टरच नाही, तर याच काठ्या आपल्या पाठीत बसणार, एवढं मात्र कळत होतं.

प्रसेनजीतनं डोकं खाजवलं. मग माइक घेऊन तो रांगेत शिरला आणि पहिल्यांदा आईपुढंच उभा राहिला.

"आई, कवापास्नं दुखतंय?"

"तुला ठावं न्हाय व्हय रं? नळ बंद झाल्यापास्नं!"

मागची बाई न विचारताच बोलली, "मलाबी, नळ बंद झाल्यापास्नं!"

साक्षीनं ते अलगद उचललं. "कवापास्नं? कवापास्नं?" ती तालात ओरडली, आणि सगळ्या वस्तीनं सूर धरला, "नळ बंद झाल्यापास्नं!" गावातली माणसंसुद्धा नकळत टाळ्या वाजवायला लागली. हंबीररावांचा नंबर नेमका तेव्हाच लागला. ते डोळे मिटून स्पीकरला टेकले होते. वरनं ऊन, कानात धुम्-धुम्. त्यांच्या घशाला कोरड पडली.

"गणपतराव," ते म्हणाले, "घोटभर पाणी द्या की."

गणपती उठला, घरातल्या घागरीत डोकावला आणि तसाच परत आला. "पाणी न्हाय, सरपंच."

"न्हाय म्हंजे?"

"सरूनं सकाळी आणलेली घागर पेशंटांनी संपवली. आता दुसरी पायजे, तर ओढा वलांडून जाया पायजे. तुमच्यासाठी जाईल ती, पण जरा येळ लागंल. तिचा खुबा गेलाय न्हवं."

सरुबाईनं खरंच भिंतीला धरून घागर उचलली. पृथ्वीराजचा ढोल थांबला. सगळी माणसं तिच्याकडं आणि मग हंबीररावांकडं बघायला लागली. साक्षीनं माइक हळूच त्यांच्या तोंडापुढं नेला.

हंबीरराव ओशाळले. "ऱ्हाऊ द्या, वहिनी, ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळीच वस्तीचा व्हॉल्व्ह सोडाय सांगतो. लई दिस सांगायचंच ऱ्हायलं हुतं."

व्हॉल्व्ह हा शब्द दोन स्पीकरांतनं कोडोलीभर गेला.

झुंबरबाईनं बाजल्यावरनं मान वर केली. "व्हॉल्व्ह? मग पाइप फुटलाय म्हणत हुतासा, त्यो कुठला?"

हंबीररावांनी एक्स-रेचं पाकीट तोंडापुढं धरलं. पृथ्वीराजला आता काही सांगावं लागलं नाही. धुम्-धुम्-चिक्. "पाइप का व्हॉल्व्ह?" आणि काठ्या उंचावून अख्खी रांग ओरडली, "व्हॉल्व्ह! व्हॉल्व्ह!"

सोमवारी सकाळी वस्तीचा नळ आधी खोकला, मग गंजाचं लाल पाणी ओकला आणि मग स्वच्छ वाहायला लागला. सरुबाईनं दारातच घागर भरली आणि किती तरी दिवसांनी हसली. "तुमचा डॉक्टर हुशार हाय, बरं का," ती नवऱ्याला म्हणाली. गणपतीनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि तो तडक दुकानात गेला. आता कुणी विचारलं तर पोरगा काय करतो, हे त्याला खणखणीत सांगायचं होतं.

पण तिथं फोनच वाजत होता. जोतीरामनं रिसीव्हर पुढं केला. पलीकडं शेजारच्या गावचा ज्ञानू होता.

"गणपा, तुमच्यात खुब्याचं लई झ्याक शिबिर झालं म्हणं! आमच्यात समद्यांचं गुडघं गेल्यात. तुझं पोरगं गुडघ्याचंबी बघतंय का?"

घसा साफ करून, शाहूपुरीतल्या मोठ्या डॉक्टरनं विचारावं तसं गणपतीनं विचारलं, "बघतंय की. पर आदी सांग, तुमच्यात काय बंद हाय?"