गुणवंतरावांची डबल बेल

आमच्या शेजारच्या गुणवंतरावांकडे कधी जेवायला बसलात, तर पहिला घास हातातच धरून ठेवा. ते ताटाच्या काठावर जुना तिकिटं टोचायचा चिमटा दोनदा आपटतात, टण् टण्, आणि मगच पंगत सुटते. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मी वरणभाताचा घास तोंडात घातला आणि समोरून गर्जना झाली.

"बेल झाली नाही तं गाडी काहून काढली गा मास्तर?"

घास तिथेच थांबला. पुढे ठसका, पाणी, पाठीवर थापा.

गुणवंतराव तीस वर्षं उमरेड-नागपूर गाडीवर कंडक्टर होते. रिटायर झाले, पण गाडीतून उतरले नाहीत. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हा त्यांचा धर्म. आंघोळीला निघाले की डबल बेल, कूलर लावला की डबल बेल. एकेरी बेल मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे घरात ड्रायव्हरही तेच आणि पॅसेंजरही तेच. दारात पाहुणा आला की "मागं जागा आहे, पुढं सरका!" करतात. मागे भिंत असते.

दुसरा धक्का खुर्चीचा. त्यांच्याकडे चार खुर्च्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर कायम एक विटका गुलाबी रुमाल. मी एकदा रुमालासकट तिच्यावर बसलो.

"ऊठ! दिसून नाही राहिलं का? रुमाल टाकलेला आहे."

खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरणारी माणसं मी खूप पाहिली. स्वतःच्याच घरात जागा धरून ठेवणारा हा पहिला. "कोणासाठी?" मी विचारलं.

"ज्याची आहे तो बसन." आणि विषय तिथेच उतरवून दिला.

मे महिन्यात एका दुपारी, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, ते आमच्या दारात उभे राहिले. "मास्तर, तुले माचा पुडिंग येते का?"

मी चाट पडलो. तर्रीशिवाय ज्यांना पोहे दिसत नाहीत, त्या माणसाच्या तोंडी जपानी चहाच्या हिरव्या पुडीचं पुडिंग! पण मी शाळेत विज्ञान शिकवतो. काही येत नसलं तरी "येतं की" म्हणायची सवय आहे.

मग कळलं ते असं. त्यांची मुलगी वैशाली पुण्याला असते. सात वर्षांपूर्वी तिने आपलं लग्न आपणच ठरवलं, तेव्हा बापलेकीचं असं बिनसलं की ती पुन्हा नागपूरला फिरकली नाही. अलीकडे तिची पाच वर्षांची ओवी फोनच्या पडद्यावर आजोबांना दिसू लागली होती. रविवारी दोघी येणार होत्या. ओवीने एक अट घातली होती: आबांकडे हिरवं पुडिंग पाहिजे.

"पोरगी लहान असली म्हणून का झालं?" गुणवंतराव म्हणाले. "पॅसेंजरनं स्टॉप सांगितला म्हणजे सांगितला."

सदर भागातल्या एका मोठ्या दुकानातून त्यांनी माचाचा एकुलता एक डबा आणला. त्यांचा फ्रिज उन्हाळ्यात दम टाकतो, म्हणून पुडिंगचा डेपो आमचा फ्रिज ठरला. भट्टी नको, काही भाजायचं नाही. दुधात साखर आणि घट्ट होण्यासाठी चायना ग्रास विरघळवायचं, हिरवी पूड घालायची, वाट्यांत ओतून गार करायचं. इतकं सोपं. पहिल्या दिवशी आम्ही पूड सरळ उकळत्या दुधात टाकली. गुठळ्या झाल्या आणि चव कडुनिंबाची. दुसऱ्या दिवशी मी विज्ञान वापरून चायना ग्रास दुप्पट घातलं. वाटी उपडी केली, तर पुडिंग फरशीवर पडलं, उसळलं आणि पलंगाखाली गेलं. माझी बायको सुनंदा ते पाहून मटकन खालीच बसली.

तिसऱ्या दिवशी जमलं. पूड चहाच्या गाळणीतून चाळली, थोड्या कोमट दुधात रवीने घुसळली, दूध जरा निवल्यावर त्यात मिसळली. गुणवंतरावांनी फ्रिजच्या दारावर टण् टण् केलं आणि चार तास स्टूल टाकून समोर बसले. वाटीत चमचा बुडाला तेव्हा त्यांचे डोळे बुबुळांसकट मोठे झाले.

"मास्तर! हालून राहिलं गा, पण पडून नाही राहिलं!"

उरलेली पूड त्यांनी स्टीलच्या डबीत भरून आमच्या फ्रिजमध्ये ठेवली. पत्र्याच्या डब्याला वास लागतो म्हणे. आमच्या फ्रिजमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता असतो आणि जॅमच्या बाटलीत लोणचं. स्टीलच्या डबीत काय असतं? सुनंदाची मेंदी.

शनिवारी सकाळी सुनंदा बाजारात गेली होती. संध्याकाळी खाप्याला साडूच्या मुलाचं लग्न. आरशात माझे पांढरे कल्ले दिसले. मी डबी काढली, पूड चहाच्या पाण्यात भिजवली, वर दही घातलं आणि डोक्यावर थापलं. वास चहाचा येत होता. पण चहाचं पाणी मीच घातलं होतं, त्यामुळे शंका आली नाही. असं असतं विज्ञान.

सुनंदा आली, माझ्या डोक्याकडे पाहिलं, फ्रिज उघडला, आणि दुसरी डबी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. "अहो, मेंदी ही आहे."

मी लगेच दुकानात फोन केला. माल पुढच्या आठवड्यात.

डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून मी गुणवंतरावांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते माझ्या डोक्याकडे बघत राहिले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहिल्यांदाच काही मागून राहिली होती गा ती," एवढंच म्हणाले.

मग उठले, खुर्चीवरचा रुमाल उचलला, झटकला, परत होता तसा अंथरला. "डबीत उरलं का काही?"

"तळाला. दोन चमचे असेल."

"मंग एक शीट भरते. बाकीचे उभे राहून जातीन."

आम्ही त्याच दुपारी एक वाटी हिरवी आणि चार पांढऱ्या केल्या. गुणवंतरावांनी हिरवी वाटी फ्रिजमध्ये मधोमध ठेवली आणि मला तिच्याकडे पाठ करून उभं केलं.

रविवारी सकाळी दोघी आल्या. ओवीने आधी माझ्याकडे पाहिलं; आबांनी फोनवर तिला सगळं सांगितलं होतं. तीन वेळा शाम्पू करूनही कल्ल्यांवर पोपटी छटा होती. "आबा, या काकांनी माझं पुडिंग डोक्याला लावलं?"

"हो वं बाई. पण तुही शीट राखून ठेवली मी."

वैशाली अजून दारातच होती. "मागं जागा आहे" असं काही गुणवंतराव म्हणाले नाहीत. तिची नजर फिरत फिरत खिडकीजवळच्या खुर्चीवर गेली. तिने रुमाल उचलला. कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने वाकडंतिकडं 'वै' काढलेलं होतं. मी त्यावर बसलो होतो, पण वाचलं कधी नव्हतं.

"बाबा, हा माझा शाळेतला. रविवारी तुमच्या गाडीत माझ्यासाठी खिडकीची जागा धरायचात, तो."

"हो," गुणवंतराव म्हणाले. "कोणी बसून जाईन म्हणून टाकून ठेवला."

ती रुमाल मुठीत धरून त्या खुर्चीत बसली.

मी वाट्या मांडल्या. सगळ्यांचे चमचे हवेत. गुणवंतरावांनी चिमटा उचलला आणि टेबलावर आपटला.

टण्.

मी दुसऱ्या टोल्याची वाट पाहत राहिलो. सुनंदाही थांबली होती. गुणवंतरावांनी चिमटा हळूच खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

ओवीने मात्र बेलबिल काही न बघता हिरव्या वाटीत चमचा घातला. तिला कोणीच रागावलं नाही.