बंद पानातला पुरावा

एका जंगलात, मुलांनो, कायदे फार कमी होते. मोठ्यानं लहानाला खावं, आणि खाऊन झाल्यावर पाणवठ्यावर भांडू नये, एवढे दोनच. ते सगळ्यांना तोंडपाठ होते.

त्या जंगलात धाकलू नावाचं एक खवल्या मांजर राहत असे. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे बरं का. अंगभर खवले, तोंडात एक दात नाही, आणि मुंग्या नि वाळवी सोडून दुसरं काही खाणं नाही. कुणी दरडावलं की धाकलू अंगाचं मुटकुळं करून गप्प पडून राही. त्याच्या बायकोचं नाव सगुणा. तिला तेव्हा दिवस गेले होते.

एके सकाळी नदीपलीकडची तरसं पाणवठ्यावर आली. त्यांनी अकरा चितळं मारली. भूक लागली म्हणून नव्हे. मारली आणि तशीच टाकून गेली. सगळं जंगल हादरलं. उरलेली चितळं तीन दिवस पाण्याकडे फिरकली नाहीत. सगुणाच्याही डोळ्याला पाणी आलं.

वाघ राजानं सभा बोलावली. कोल्हा प्रधान उभा राहिला.

"महाराज, आपल्याकडे कडक कायदा नाही, म्हणून हे झालं."

कायदा त्यानं लिहूनच आणला होता. त्यानं वाचायला सुरुवात केली. "ज्याच्यामुळे इतरांच्या मनात भीती उत्पन्न होते, होऊ शकते किंवा झाली असती, तो दहशतवादी."

सभेतले सगळे प्राणी हळूच राजाकडे बघू लागले. कोल्ह्यानं शाई वाळायच्या आत 'राजेसाहेब वगळून' असं वरच्या बाजूला बारीक अक्षरात घातलं.

पुढचं कलम असं होतं, की ज्याचा संशय येईल त्याला गुहेत ठेवावं. आपण निर्दोष आहोत हे त्यानंच दाखवावं. त्याच्याविरुद्धचा पुरावा पानात बंद करून न्यायमूर्तींना द्यावा. आरोपीला तो दाखवू नये, कारण त्यानं जंगलाला धोका होतो.

कायदा मंजूर झाला. आता कैदी हवा होता. कोतवाल होता रानडुक्कर. त्यानं तरसांना हजर राहण्याची नोटीस धाडली. तरसं आली नाहीत. मग कोतवालानं नदीच्या अलीकडे शोध सुरू केला, कारण अलीकडे शोधणं सोयीचं होतं.

दिवस मावळताना धाकलू पाणवठ्याजवळ एक वारूळ उकरत होता. कोतवाल समोर येऊन उभा राहिला.

"नाव काय तुझं?"

धाकलूनं मुटकुळं केलं.

कोतवालानं लिहून घेतलं : भुयार खणताना सापडला. अंगात चिलखत आहे. अंधार पडला की बाहेर पडतो. चौकशीला सहकार्य करत नाही.

मग त्यानं धाकलूला चेंडूसारखं ढकलत ढकलत गुहेपर्यंत नेलं.

सगुणा न्यायमूर्तींकडे गेली. न्यायमूर्ती होते घुबड. न्यायालय दुपारी भरे, आणि दुपारी त्यांना दिसत नसे. पण कामकाजात त्यामुळे कधी खंड पडला नव्हता.

"माझ्या घरच्यांनी काय केलंय, साहेब?" सगुणानं विचारलं.

कोल्ह्यानं सागाचं एक दुमडलेलं पान पुढे केलं. न्यायमूर्तींनी ते हातात घेऊन वजन बघितलं.

"प्रकरण गंभीर दिसतंय," ते म्हणाले.

"पण त्या पानात आहे काय?"

"बाई, ते तुम्हाला सांगितलं तर ते बंद कसं राहील?" कोल्हा म्हणाला. तो तसा सभ्य होता. बोलताना तो कधी आवाज चढवत नसे.

पुढच्या तारखेला सगुणाला पिल्लू झालेलं होतं. मुलगी. खवल्या मांजराची पिल्लं आईच्या शेपटीवर बसून फिरतात. तशी ती बसून आली होती. कोतवालानं दोघींकडे बघितलं आणि 'टोळीत वाढ' अशी नोंद केली.

अशा तारखा पडत गेल्या. मधल्या काळात तरसं आणखी दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा कायदा आणखी कडक करण्यात आला. तरसांनी मात्र तो अजून वाचलेला नव्हता.

तिसऱ्या वर्षी कोल्ह्यानं सगुणाला बाजूला बोलावलं.

"बाई, तुमचं वाईट वाटतं. धाकलूनं एवढंच सांगावं, की तुमच्या शेजारच्या साळिंदरानं तरसांना वाट दाखवली. चार दिवसांत घरी येईल."

सगुणा धावत गुहेकडे गेली. जाळीच्या आत धाकलू मुटकुळं करून पडला होता. तिनं सगळं सांगितलं.

"सांगून टाका ना," ती म्हणाली. "पोरगी शेपटीवरून उतरून चालायला लागली. तिनं तुम्हाला अजून सरळ उभं राहिलेलं पाहिलेलं नाही."

धाकलूनं एक डोळा बाहेर काढला.

"साळिंदरानं दाखवली वाट?"

"नाही हो. तो रात्रभर कंदमुळंच उकरत असतो."

"मग उद्यापासून त्याच्या बायकोला इथं यावं लागेल." धाकलू म्हणाला. "चढ फार आहे या वाटेला."

सगुणा उठून घरी निघाली. परतताना वाटेत साळिंदराचं बीळ लागलं. साळिंदरीण दारातच होती. सगुणाला बघून तिनं पोरांना आत घेतलं आणि दाराशी दगड लावला. दहशतवाद्याच्या घरच्यांशी कोण बोलणार? सगुणा तशीच पुढे गेली. त्या दिवशी तिला मुंग्या गोड लागल्या नाहीत.

सहाव्या वर्षी एका तारखेला आभाळ फार भरून आलं. दुपारीच अंधारलं, आणि न्यायमूर्तींना नीट दिसू लागलं. समोर पान होतं. त्यांनी ते सहज उघडलं.

पान कोरं होतं.

"यात काहीच लिहिलेलं नाही," न्यायमूर्ती म्हणाले.

"माहिती अत्यंत गुप्त आहे, साहेब," कोल्हा शांतपणे म्हणाला. "ती लिहून कशी ठेवणार?"

मुद्दा बिनतोड होता. न्यायमूर्तींनी त्यावर आणखी एक वर्ष विचार केला. मग त्यांनी निकाल दिला, की धाकलूविरुद्ध काहीही सिद्ध होत नाही, सबब त्याला सन्मानपूर्वक सोडण्यात यावं. सन्मान कुठून आणायचा ते निकालात नव्हतं.

त्याच आठवड्यात राजानं कायद्याचा आढावा घेतला. कोल्ह्यानं अहवाल वाचला.

"महाराज, गेल्या सात वर्षांत धाकलूनं एकही हल्ला केलेला नाही. कायद्याच्या यशाचा याहून मोठा दाखला कोणता?"

सभेनं टाळ्या वाजवल्या. चितळांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. त्यांच्या घरचे गेले होते, आणि कुणीतरी सात वर्षं आत होतं एवढाच त्यांना आधार होता.

धाकलू गुहेतून बाहेर आला. त्याला पाठ सरळ करायला बराच वेळ लागला. खवले निस्तेज झाले होते, नखं झिजली होती. सगुणानं त्याच्या पाठीवरची माती झटकली. तिघं चालू लागली. रस्त्यावरचे प्राणी बाजूला होऊन वाट देत होते. सात वर्षांपूर्वी धाकलूला कुणी भीत नव्हतं. आता सगळे भीत होते.

मुलगी आईला चिकटून चालत होती.

"आई, बाबांनी काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग सात वर्षं कशाला लागली?"

सगुणानं धाकलूकडे बघितलं. तो खाली बघत, एकेक पाय जपून टाकत येत होता.

"काहीतरी केलं असतं तर लवकर सापडलं असतं, बाळ," ती म्हणाली. "काहीच नसलं, की शोधायला वेळ लागतो."

तात्पर्य : मुलांनो, निर्दोष प्राण्यानं कायद्याला मुळीच भिऊ नये. त्यानं फक्त दीर्घायुषी असावं.