एकवीस नंबर, हजर

माणूस विद्यापीठात जे शिकतो ते दोन वर्षांत विसरतो. पण ज्यांच्याबरोबर शिकतो, ते त्याला जन्मभर वर ओढत राहतात. वरणभात कालवता कालवता भालचंद्ररावांनी हे सूत्र जाहीर केलं, तेव्हा नांदुऱ्यातल्या त्या स्वयंपाकघरात क्षणभर गांभीर्य पसरलं.

"मंग तुम्हाले कोणी काऊन नाही ओढलं?" स्नेहलताबाईंनी विचारलं आणि आणखी भात वाढला.

एम.कॉम. झालेले भालचंद्रराव तीस वर्षं एकाच कार्यालयात, एकाच टेबलावर लिपिक होते. पण आता प्रश्न लेकीचा होता. भार्गवीनं पुण्याच्या एका कंपनीत तीनदा अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा सामसूम. तिच्याहून कमी मार्कांच्या मुली लागल्या, कारण त्यांच्या कॉलेजचे सीनियर आत बसलेले. भार्गवीच्या कॉलेजचं आत चिटपाखरूही नव्हतं. शेवटी तिनंच शोधून काढलं, की तिथला नोकरभरतीचा प्रमुख पंजाबराव म्हणून आहे, जळगाव जामोदचा.

"बाबा, कॉलेज तेच, वर्षही तेच. हा तर तुमच्या वर्गातला!"

भालचंद्रराव एसटीनं जळगाव जामोदला गेले. पंजाबरावाच्या चुलत्याच्या कृषी केंद्रातून नंबर आणला. मग इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून, त्यांनी फोन लावला.

"कोण भालचंद्र?"

"अरे, एम.कॉम.ले आपण एका वर्गात होतो. मी पहिल्या बाकावर."

"मी वर्गात कवा आल्तो बे?"

हे खरं होतं. पंजाबरावानं दोन्ही वर्षं चहाच्या टपरीवर काढली. तिथं त्याच्या शंभर ओळखी झाल्या. त्याच काळात भालचंद्ररावांची ओळख झाली ती फळ्याशी. टपरीवरच्या चौघांची हजेरी वर्गात तेच लावत, चौघांच्या चार निरनिराळ्या आवाजांत. त्या धांदलीत स्वतःच्या नंबराला 'हजर' म्हणायचं राहून जाई. वर्षाअखेरीस चौघांची हजेरी पुरी भरली आणि माफीनामा लिहावा लागला तो भालचंद्ररावांना.

"ठेवतो भाऊ, मिटिंग हाये," पलीकडून आवाज आला.

भार्गवी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. भालचंद्ररावांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "एकवीस नंबर! हजर सर!"

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "अबे... हा त मीच हाओ!"

पंजाबरावानं मिटिंग सोडून लगेच रंगरावाला लाइनवर घेतलं. टपरीवरच्या चौघांतला रंगराव आता बँकेत मोठा साहेब होता.

"भाल्या, याले बावीस नंबर म्हणून दाखव."

बावीस नंबरला बारमाही सर्दी असे. भालचंद्रराव रीतसर शिंकले आणि हजर झाले. रंगराव फोनवर हुंदके देऊ लागला. मग तेवीस आला, चोवीस आला. चौघेही साहेब झालेले. प्रत्येकाला स्वतःचा आवाज दोन-दोनदा ऐकायचा होता.

"काय बाई, जनगणना सुरू हाये का घरात?" शेजारच्या शालूबाईंनी खिडकीतून विचारलं.

"तुया सोताचा नंबर कोणता होता बे?" मध्येच रंगरावानं विचारलं. भालचंद्ररावांनी खूप आठवून पाहिलं. आठवला नाही.

बाकीचे तिघे आपापल्या मिटिंगांना गेले, तेव्हा पंजाबराव मुद्द्यावर आला. "पोरीचा अर्ज पाठव. उद्या अकराले मुलाखत लावतो, ऑनलाइन. घेणाऱ्यायत मी सोता हाओ. तू फिकरच करू नको."

भार्गवीनं डोळे पुसले. स्नेहलताबाईंनी न सांगता चहा ठेवला, साखर जास्त घालून. तीस वर्षांनी का होईना, सूत्र सिद्ध झालं होतं. भालचंद्ररावांनी खुर्चीला पाठ टेकली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच टेकत होती.

"एक बारीकसं काम होतं भाल्या," पंजाबरावाचा आवाज खाली आला. "उद्या अकराले मले साळ्याच्या पोरीच्या साक्षगंधाले जा लागते. माही लिंक तुले धाडतो, कॅमेरा आमचा बंदच रायते. पोरीले एखादा सोपा प्रश्न इचारजो. अन् सुरुवातीले नावं घेतात नं, तवा तेवढी माही हजेरी लावून देजो."